हळू चाल म्हणणारी मीच

मैत्रिणींनो, आज सकाळी लेकीला घेऊन सेनगावहून हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. पोरगी बावीस वर्षांची, अंगानं जाड, आणि या वयातच रक्तदाब वाढलेला. तीन महिन्यांपूर्वी बाईंनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास झपझप चालायचं.

पहिले आठ दिवस ती हिंगोली रोडनं तशी गेलीही. मग शेजारच्या काकू बोलल्या, "अजून सोयरीक जमली न्हाई, अन् पोरगी रस्त्यानं काहून पळून राहिली?" मी तिला "हळू चाल" म्हणत मारुतीच्या देवळात वळवलं. व्यायामही होईल, पुण्यही लागेल. हात जोडून, आरती म्हणत, रोज एकावन्न प्रदक्षिणा.

आज रक्तदाब होता तिथंच. बाईंनी विचारलं, "चालताना दम लागतो का?"

मी कौतुकानं म्हणाले, "न्हाई, पूर्ण वेळ आरती म्हणती ती."

"ताई, मग वेग कमी पडला. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकं जोरात चालायचं. त्यानं रक्तवाहिन्या लवचिक राहतात. या वयात त्या कडक होऊ द्यायच्या का?"

लेक माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी तशीच चालून राहिले होते. आईनं थांबवलं."

येताना एसटीत ती माझ्याशेजारची जागा सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी घाबरले काकूंना आणि पुढं केलं देवाला. हे तिलाही कळलंय.

उद्यापासून ती परत रस्त्यानं जाईल. तिचे जवळजवळ तीन महिने मात्र वाया गेले. तुमच्या घरात पोरीला "हळू चाल" कोण म्हणतं? आमच्या घरात मी म्हणाले.