कॅमेऱ्याखालचा जर्मनचा वर्ग

नर्सिंग संपल्यावर मी सक्करदऱ्याच्या एका क्लासात जर्मन शिकायला जाऊ लागले. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर तिथली भाषा बोलता यायला हवी. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. विचारावं असं कुणी नव्हतं. पुस्तक इंग्रजीतून होतं. अर्धं कळायचं, अर्धं कळल्यासारखं वाटायचं.

मॅडमची एक पद्धत होती. एकीनं पेशंट होऊन बाकावर आडवं पडायचं आणि काय होतंय ते आधी घरच्या बोलीत सांगायचं. मग इंग्रजीत, मग जर्मनमध्ये. रामटेकची माझी मैत्रीण तर इतकी कण्हायची, की खरंच काही झालं की काय वाटावं. पण मग ते जर्मन वाक्य विसरायला होत नसे.

एका दिवशी फळ्याच्या वर कॅमेरा दिसला. क्लासचे मालक दारात येऊन म्हणाले, "याच्यात आवाजबी येते मॅडम. मराठी तर पोरींना घरीच येते. पुन्हा ऐकू आली, तर मी दुसऱ्या मॅडम पाहतो." म्हणताना ते हसत होते.

त्यानंतर मॅडम बोलण्याआधी वर पाहू लागल्या. लाल दिवा जळतच असे. "एनी डाउट्स?" त्या विचारत. आम्ही नुसत्या माना हलवायचो. तोंडी परीक्षा जवळ येत होती. आपण नापास होणार, हे बहुतेक सगळ्यांनाच कळलं होतं.

"काहून वं इतकी गप्प?" मी मैत्रिणीला जिन्यात विचारलं.

"मले इंग्रजीत दुखतच नाही," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पेशंट व्हायची तिची पाळी आली. बाकावर पडून ती इंग्रजी शब्द शोधत राहिली. डोळे भरून आले. मॅडम खडू ठेवून तिच्याजवळ बसल्या.

"आधी आपल्या बोलीत सांग बेटा."

तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"मी पाहून राहिली. तू सांग."

"पोटात पीळ पडून राहिला जी."

खाली दार वाजलं. जिन्यावर चपला चढू लागल्या. मॅडमनी मान वळवली नाही.

"आता जर्मनमध्ये."

तिनं न अडखळता अख्खं वाक्य म्हटलं. मालक दारात आले, तेव्हा मॅडम पुढच्या पेशंटला बोलावत होत्या. ती मी होते. बाकावरून लाल दिवा अगदी डोळ्यांसमोर येत होता.

"काय होते तुले?" मॅडमनी विचारलं.

माझा आवाज नीट निघाला नाही, पण मराठीच निघाली.

सोमवारी दुसऱ्या मॅडम होत्या. पुस्तक उघडण्याआधी त्यांनी वर पाहिलं.