आमच्या स्की बोटीचा ढिला दांडा

आमच्याकडे एके काळी स्की बोट होती, असं सांगितलं की लोक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. मरोळला दोन खोल्यांत वाढलेल्या बाईने असं काही बोलू नये, असं त्यांचं मत दिसतं. पण होती. पायाला फळ्या बांधून पाण्यावर घसरणाऱ्या माणसाला दोरीने ओढत नेणारी, लांबट, बुटकी, लाल पट्ट्याची बोट. आमच्यापैकी कुणीही कधी पाण्यावर घसरलं नाही. घसरलो ते मोरीत.

अंधेरीच्या एका स्टुडिओत शूटिंगसाठी कुणीतरी ती आणली होती. काम संपल्यावर ती कंपाउंडच्या भिंतीशी पडून राहिली. तिच्यात पाणी साचून डास झाले, तेव्हा कुठे त्यांना तिची आठवण झाली. बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते आणि त्या स्टुडिओची सटरफटर दुरुस्ती त्यांच्या गाळ्यावर यायची. "घेऊन जा एकदाची," असं कुणीतरी वैतागून म्हणालं आणि बाबांनी खरंच नेली. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेला माणूस जन्मभर लेथसमोर उभा राहिला, मग बोट दिसल्यावर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय, असं आई म्हणायची. गाळ्याच्या मागच्या बाजूला बाबांनी ती सवडीने उभी केली. उजवीकडची बाजू कुजली होती, म्हणून इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा त्यांनी दोन सीटच्या मधोमध बसवला, गाडीच्या गिअरसारखा. थ्रॉटल वगैरे शब्द आमच्याकडे चालत नसत. तो रेसचा दांडा. पुढे ढकलला की रेस वाढणार, मागे घेतला की कमी.

निवृत्तीनंतर बोट माहुलला गेली. तिथे बाबांचे एक कोळी दोस्त होते, पूर्वी त्यांच्याच गाळ्यात कामाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या होड्यांशेजारी आमची ही नटवी बोट बांधलेली असायची. रविवारी भरतीची वेळ बघून आम्ही सगळे रिक्षाने निघायचो. डब्यात घावणे आणि खोबऱ्याची चटणी. खाडीत एका अंगाला रिफायनरीच्या टाक्या, दुसऱ्या अंगाला तिवरं, आणि थंडीत चिखलात चरणारे रोहित पक्षी. स्की करणाऱ्याची दोरी बांधायच्या खांबाला आई ओले टॉवेल वाळत घालायची. बाबा गाणं म्हणायचे, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू यायचं नाही हे आमचं भाग्य. आता बाबा नाहीत आणि माहुलला जायला मला काही कारणही उरलेलं नाही. त्या रविवारांची मला इतकी आठवण येते की कधी कधी माझाच मला राग येतो.

आई कोकणातली असून पाण्याला भयंकर भ्यायची. बोट हलली की डोळे मिटून घ्यायची, बाबांच्या शेजारच्या सीटवर अंग चोरून बसायची आणि धक्क्याला लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दर वेळी म्हणायचा, "आई, घरी बस ना यार, कशाला जिवाला घोर?" ती ऐकायची नाही. उलट निघण्याआधी बोटीची पूजा करायची. दसऱ्याला गाळ्यातल्या मशिनींची होते तशी, पण दर रविवारी. इंजिनावर हळदकुंकू, दांड्याला फूल आणि दांड्याच्या मुळाशी खोबरेल तेलाची धार. तेलाची छोटी बाटली तिच्या पर्समध्येच असायची. "बोटीचं डोकं दुखतंय वाटतं," असं मी चिडवायचे. आमच्या घरात सगळ्यालाच तेल लागायचं, कडीकोयंड्यापासून केसांपर्यंत, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वारा, पाणी, धूळ सगळं बंद केलं आणि त्या रविवारी पहिल्यांदाच आम्ही तिच्याशिवाय गेलो. बाबा, दादा आणि मी. खाडीच्या मध्यावर होतो तेवढ्यात दांडा आपोआप मागे आला. इंजिन बारीक घुरघुरायला लागलं. बाबांनी दांडा पुढे ढकलला, हात किंचित सैल झाला की तो परत मागे. ओहोटी लागली होती. बोट आडवी होऊन वाहायला लागली आणि समोरून एक मालवाहू बार्ज भोंगा वाजवत येत होती. दादा मागच्या सीटवरून झेपावला, त्याने दांडा दाबून धरला आणि आम्ही कसेबसे बाजूला झालो.

धक्क्याला लागल्यावर दादाचा आवाज चढला. "वाट लागली असती आज! बाबा, तुमच्या हातात जोर राहिला नाही. बस्स झालं. गोराईला एकजण बोट मागतोय, देऊन टाकू."

बाबा एवढंच म्हणाले, "हात नाय. दांडो ढिलो झालो हा."

रिक्षात बसल्यावर तेच. घरी जिना चढताना तेच. दादाने पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. दांडा ढिला असेल तर दुरुस्त करून दाखवा, नाहीतर बोट गोराईला. माझा भाऊ वाईट नाही, घाबरला होता. पण बोट गेली तर बाबांचं काय होईल हे त्याला कळत नव्हतं आणि मला कळत होतं. निवृत्त झाल्यापासून ते सोमवार ते शनिवार नुसते ढकलत होते.

मी रजा टाकली आणि मधल्या वारी बाबांना घेऊन माहुलला गेले. ओहोटीने बोट चिखलात बसली होती. मी बाबांच्या सीटवर, बाबा आईच्या सीटवर. पाना माझ्या हातात आणि तोंड त्यांचं. बाहेरचा नट त्यांनी याआधीही आवळून पाहिला होता, उपयोग झाला नव्हता. म्हणून दांड्याखालच्या पेटीचं झाकणच खोलायचं ठरलं.

आत साधीच गोष्ट असते. इंजिनाची स्प्रिंग दांड्याला सतत मागे ओढत असते. तो ठेवला तिथे राहावा म्हणून मुळाशी एक चकती असते आणि त्या चकतीला एक जाड गादी दाबून धरते. सायकलच्या ब्रेकसारखं. गादी कोरडी असेल तर दांडा धरून ठेवते, ओली झाली की सोडून देते. आमची गादी हातात आली ती काळी, बुळबुळीत, नुसती निथळत होती. बाबांनी ती नाकाशी नेली.

"खोबरेल," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. आईची पूजा! एवढी वर्षं ती भक्तिभावाने नेमकी त्या एकाच जागी तेल ओतत होती जिथे तेलाचा थेंब जायला नको. मी काहीतरी तोडून बोलले. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चिखलाकडे बघत म्हणाले, "पूस."

चकती मी पेट्रोलने पुसली, पॉलिश पेपरने घासली. नव्या गादीसाठी मरोळच्या रिक्षा गॅरेजमधून जुन्या ब्रेक लायनरचा तुकडा आणला होता. तो कापताना बाबांनी डाव्या हाताने धरला आणि तो निसटला. मी उचलून दिला. परत निसटला. मी खाली वाकून हरवलेला स्क्रू शोधायचं नाटक केलं. स्क्रू माझ्या मुठीतच होता.

शेवटी गादी बसली, नट आवळला, झाकण लावलं. मी दांडा जोर लावून पुढे ढकलला आणि हात काढला. दांडा जागच्या जागी. अर्ध्यावर आणला, तिथेही उभा. "झकास!" मी ओरडले. बाबांनी मान डोलावली आणि दादाला फोन लावायला सांगितलं. दोष दांड्याचाच होता, ते खरं ठरले होते.

घरी आल्यावर मी आईवर घसरले. ती काळा चष्मा लावून पलंगावर पडली होती. "तुझ्या तेलाने आम्हाला जलसमाधी मिळाली असती, कळलं?" तिने मला पूर्ण बोलू दिलं आणि विचारलं, "मगे आता घट्ट झालो?"

"एकदम."

ती उठून बसली. "तेंका ढकलूक कसो जमतलो?"

याचा तेलाशी काय संबंध ते मला समजेना. मग तिने बाबा बाथरूममध्ये गेलेत याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात सांगितलं. "तेंचो डावो हात कधीपासून बरो नाय गो. कपाचो कान धरूक जमत नाय. सांगतले कोणाक? घट्ट दांडो ढकलूक जमत नव्हतो, म्हणान मी तेल घातलंय. हलको झालो. पण मगे तो जाग्यार रवना नाय."

"मग?"

"मगे मी धरून बसतंय. पदराखालून."

पाण्याला भिणारी ही बाई दर रविवारी डोळे मिटून, देवाचं नाव घेत, पदराआडून एका हाताने ती बोट चालवत होती. आणि आम्ही तिला घाबरट म्हणून चिडवत होतो. मला तिथेच रडू आलं. "तेंका सांगू नको," आई म्हणाली. "तेंका वाटता बोट तेच चालवतत."

नट थोडा ढिला करून ठेवते, असं मी सुचवलं. "खुळी काय तू? मी नसलंय तर धरतलो कोण?" घट्ट ठेवला तर बाबांना हलवता येणार नाही, ढिला केला तर परत बार्जखाली. दादाला खरं सांगितलं तर बोट त्याच दिवशी गोराईला. मी नट होता तसाच ठेवला.

रविवारी आईने हट्ट धरला की मीही येणार, बोटीत नाही, नुसती धक्क्यावर उभी राहीन. आली. काळा चष्मा, डोक्यावरून पदर. दादाने आधी स्वतः बसून दांडा मागेपुढे करून पाहिला. "मानलं बाबा," तो म्हणाला. "हात ठीक आहे तुमचा. सॉरी." आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. काकांनी दोर सोडला.

बाबांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डाव्याने दांडा ढकलला. हलला नाही. परत ढकलला. तळवा दांड्यावरून घसरला. त्यांनी स्टिअरिंग सोडून उजवा हात आणला, तेव्हा दांडा एकदम पुढे गेला, बोटीने झटक्यात तोंड फिरवलं आणि ती काकांच्या होडीवर धाडकन आदळली. बाबांनी दांडा मागे ओढला. इंजिन घुरघुरत राहिलं.

दादा उठला. यावेळी तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "बाबा, उठा. मी बसतो."

बाबा उठले नाहीत. त्यांनी मान वळवून धक्क्याकडे पाहिलं आणि आईला हाक मारली. "गो, ये."

"बाबा, तिचं ऑपरेशन झालंय!" दादा म्हणाला. पण आई चप्पल काढून फळीवर आलीसुद्धा होती. "हात द्या वयनी," असं म्हणत काकांनी तिला आत उतरवलं. ती आपल्या सीटवर अंग चोरून बसली. डोळे मिटले की नाही ते चष्म्यामुळे कळलं नाही, ओठ मात्र हलत होते. सवयीने तिने पदर सारखा करून मांडीवरून दांड्यावर पसरला. त्याच्याखाली तिचा हात गेला. वर बाबांचा डावा हात होताच. दांडा सावकाश पुढे सरकला आणि बोट होड्यांमधून बाहेर पडायला लागली.

बाबा समोर बघत होते. दादाला, मला, धक्क्यावरच्या काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पदर काढ गो हातावरचो. आता लपवन काय उपेग?"