शेळ्यांना राखण हवी होती

शनिवारी सकाळी नोएडाहून गाडी काढतानाच यजमानांचा फोन आला. "आज कुत्रा घेऊनच ये."

निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेरच्या आमच्या प्लॉटवर अकरा शेळ्या पाळल्या होत्या. गेल्या आठवड्यात भटक्या कुत्र्यांनी भरदुपारी दोन करडं फाडली. तेव्हापासून त्यांना जेवण जात नव्हतं आणि माझं ऑफिसात लक्ष लागत नव्हतं.

पहिला थांबा नोएडातलंच एक श्वानकेंद्र. गार खोलीत अल्सेशियनची पिल्लं. "मॅडम, बिल्कुल शेर है," मालक म्हणाला.

"बकरियों के साथ रहेगा?"

तो घुटमळला. "बकरी तो इसने देखी नहीं, जी."

ऑफिसातल्या एका हरियाणवी सहकाऱ्याने पानिपतकडच्या मेंढपाळांबद्दल सांगितलं होतं. तशीच हायवेला लागले. ढाब्यावर लोण्याचा पराठा मागवला आणि अर्धा टाकून उठले. पुढे चुकीच्या उड्डाणपुलाखाली उतरले, आणि चादरींच्या गोदामांमधून बाहेर पडायला तास गेला.

अखेर कापणी झालेल्या शेतात रेवड (मेंढ्यांचा कळप) दिसला. मी उतरून सरळ कोकरांकडे निघाले. एक तांबूस कुत्री उठली, भुंकली नाही, फक्त माझ्या आणि कोकरांच्या मध्ये आडवी उभी राहिली. माझे पाय जागीच थांबले.

"उड़ै ए (तिथेच) रुक जा, बेटी." मेंढ्यांमागून एक म्हातारी आली. सोबतचा तिचा मुलगा तिला संतो ताई म्हणत होता. इकडे ताई म्हणजे थोरली काकू, पण हिला मुलासकट सारं गाव तेच म्हणायचं.

"कौन-सी नस्ल है, ताई?"

"नस्ल का के बेरा (काय ठाऊक). भेडां में जन्मी, भेडां में पळी."

करडांची हकीकत सांगून मी ती कुत्रीच मागितली. ताईने मान हलवली. ही गेली तर माझ्या कोकरांनी काय करायचं, म्हणाली. मग विचारलं, "तेरी बकरियां धोरै (जवळ) दिन में कौन रह सै?"

मी ऑफिसात असते. यजमान जेवून आत जरा आडवे होतात. त्या दुपारीही झाले होते. आम्ही दोघंही हे बोललो नव्हतो.

ताईने दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या हातात दिलं. "दो साल लागैंगे. तब तक रुखाळी (राखण) माणस की."

परतताना पिल्लू सीटवर दोनदा ओकलं. फाटकात यजमानांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे राखणार?"

"दोन वर्षांनी. तोवर दुपारी तुम्ही बाहेर बसायचं. सुट्टीला मी."

ते पिल्लाची मान खाजवू लागले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी मला डोळा लागला होता."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

कुत्र्याची जात विचारत मी पानिपतपर्यंत गेले, आणि घरातल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचं टाळत राहिले. सोमवारी दुपारी दोनला ऑफिसात माझा हात फोनकडे गेला. ते जागे असतील, असं स्वतःला सांगून मी तो मागे घेतला.