छतावरची टाकी

माझा दादा सरळमार्गी माणूस. शिक्षण खात्याचा नवा नियम निघाला की तो शाळांना केवढ्याला पडेल, हे काढायचं काम त्याचं. खडूच्या खोक्यापासून संडासाच्या दारापर्यंत सगळे भाव तोंडपाठ. वहिनीने भाजी आणली की आधी पिशवीत डोकावून म्हणणार, "महाग आणलीस."

यंदा नियम निघाला, प्रत्येक शाळेच्या छतावर पाण्याची मोठी टाकी हवीच. दादाने टाकी धरली, पाइप धरले, गवंड्याची मजुरीसुद्धा धरली. आणि छत मजबूत करायचा खर्च? तिथे लिहिलं, 'निरंक'. कारण छत बांधकाम खात्याचं, आणि दुसऱ्या खात्याचा खर्च आपल्या कागदावर शून्य धरायचा, अशी दादाच्या खात्याची रीतच आहे. बांधकाम खात्याला कुणी विचारलंच नाही, कारण नियम त्यांचा नव्हता. घ्या आता!

आमच्या शाळेची टाकी नेमकी मी शिकवते त्या चौथीच्या वर्गावर आली. दादाची लेक चिमी त्याच वर्गात, पहिल्या बाकावर. टाकी चढवली तेव्हा तुळई कुरकुरली. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर बारीक वाळू. मी पुसायची, ती पुन्हा पडायची. मोठ्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "खात्याने छताला पैसे दिले नाहीत, म्हणजे गरज नसणार. ते काय वेडे आहेत?"

मी तडक दादाचं घर गाठलं. "अरे, पोरांच्या डोक्यावर वाळू पडतेय! तो आकडा बदल."

तो जेवत होता. "नियम मंजूर झालाय. आता आकडा बदलला तर सगळ्याच शाळांच्या छतांचा खर्च निघेल. माझी नोकरी जाईल."

"आणि छत गेलं तर?"

"इतकी वर्षं उभं आहे ना? तुझं आपलं काहीतरीच." पण घास त्याच्या हातातच राहिला. तो चिमीकडे बघत होता.

सोमवारी टाकी पहिल्यांदा भरायची होती. सकाळी हजेरी घेताना चिमीचं नाव पुकारलं, तर उत्तर नाही. तिची जागा रिकामी. दाराशी जाऊन दादाला फोन लावला.

"चिमी कुठंय?"

"जरा ताप आहे." मागे चिमी खिदळत होती.

"दादा, खरं बोल."

तो हळूच म्हणाला, "अगं, तूही आज रजा टाक ना."

"आणि ही बाकीची पोरं?"

त्याने फोन ठेवला.

वर पंप सुरू झाला. मेल्या, तुझीच तेवढी लेक? मी ओरडले, "दप्तरं राहू द्या! सगळे मैदानात, पळा!" पोरं हसत बाहेर पळाली. मोठ्या बाई धावतच आल्या.

"बाई, वर्ग कुणाच्या हुकमाने सोडलात?"

"खात्याच्याच," मी म्हणाले. "माझ्या भावाने आज आपली लेक घरी ठेवलीय."