मोडलेल्या हाताचा निवाडा: देवळी तालुक्यातले तीन दिवस

माझे साडू प्रकाशराव वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहतात, शाळेत शिकवतात. दोन हजार आठच्या दिवाळीत ते पुण्याला आमच्याकडे आले, तेव्हा सारखे त्यांच्या मूळ गावातल्या तंटामुक्ती समितीबद्दल सांगत होते. गावातलं भांडण पोलिसांत, कोर्टात जाऊ न देता गावातच मिटवायचं, त्यासाठी ग्रामसभेने नेमलेली ही समिती, आणि प्रकाशराव तिचे सदस्य. मी पुण्याच्या कोर्टात लिपिक. बापाने घातलेल्या दाव्याची तारीख विचारायला म्हातारा झालेला मुलगा येतो, असं मी रोज पाहतो. एका बैठकीत भांडण मिटतं, हे मला पटेना. "येऊन पाहून घ्या," प्रकाशराव म्हणाले. डिसेंबरात रजा टाकली आणि निघालो.

पुण्याहून वर्ध्याला थेट गाडी आहे, पण स्लीपरचं आरक्षण महिनाभर आधी करा. थंडीत जा आणि स्वेटर न्या, विदर्भ म्हणजे फक्त ऊन असं समजून मी गेलो आणि कुडकुडलो. पहिल्या दिवशी मेहुणीच्या हातचं जेवून नुसता झोपलो.

दुसऱ्या सकाळी वर्ध्याच्या स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा असतो, आधी थोडाच मागा. मग एसटीने देवळी. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. देवळीहून पुढे काळीपिवळी जीप भरेपर्यंत थांबावं लागतं, आम्ही पाऊण तास थांबलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

वाटेत प्रकाशरावांनी प्रकरण सांगितलं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी गावातली सुमनबाई ही विधवा घरामागे मोहाची दारू गाळायची. महिनाभरापूर्वी बचत गटाच्या बायका तिच्या घरी गेल्या, माठ फोडले, सडवा, म्हणजे आंबवलेला मोह, नालीत ओतला. त्या झोंबाझोंबीत कोणीतरी काठी घातली आणि सुमनबाईचा उजवा हात मोडला. आता दोन्ही बाजू पोलिसांत जायला निघाल्या होत्या.

मी म्हणालो, "प्रकाशराव, बेकायदा दारूचा गुन्हा समितीला मिटवता येत नाही."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "पन हाताचं त मिटवता येते ना?"

बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर होती. एकीकडे बायका, दुसरीकडे गळ्यात हात बांधलेली सुमनबाई. अध्यक्षांनी काठी कोणी मारली म्हणून विचारलं. गर्दी होती, दिसलं नाही, असं बायका एकसुरात सांगत राहिल्या. कोर्टात पुराव्याअभावी प्रकरण इथेच संपलं असतं. तेवढ्यात त्यांच्यातलीच, मागे बसलेली रेखा नावाची तिशीतली बाई उठली. तिचा नवरा सुमनबाईकडेच पिऊन पडायचा, हे मला नंतर कळलं.

"म्या मारलं," ती म्हणाली.

अध्यक्षांनी रेखाला माफी मागायला लावली, सुमनबाईला दारू बंद करायला सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावली. सुमनबाईने अंगठा वरच धरला.

"मले माफी नाई पायजे," ती म्हणाली. "हात बरा होवस्तोर हिनं रोज माह्या घरी पानी भरून द्याव."

रेखाने मान डोलावली. अंगठा उमटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही. ही भरपाई होती की सगळ्या गावापुढे दिलेली शिक्षा, मला ठरवता येईना.

म्हणून तिसऱ्या रात्रीचं परतीचं तिकीट हातात असूनही त्या रात्री गावातच मुक्काम केला आणि तिसऱ्या सकाळी सुमनबाईच्या घराशी गेलो. रेखा हापशीवरून आली, पाण्याचा एक गुंड, म्हणजे हंडा, डोक्यावर, एक कमरेवर. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. सुमनबाईने डाव्या हाताने रांजण दाखवला. चार खेपा झाल्या, दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी सुमनबाईने चहा पुढे केला. रेखाने घेतला नाही आणि निघून गेली.

तो चहा मला मिळाला. मी कोर्टातला, हे तिला बैठकीतच कळलं होतं. सुमनबाईने विचारलं, "साहेब, तुमच्या कोर्टात तिले काय झालं असतं?"

मी म्हणालो, बरीच वर्षं गेली असती. कदाचित शिक्षा, कदाचित काहीच नाही.

"आन् माह्या घरी पानी कोनं भरलं असतं?"

मग मीच विचारलं, दारू खरंच बंद होणार का. ती चुलीकडे बघत म्हणाली, "खायचं काय, ते समितीनं नाई सांगतलं."

परतताना प्रकाशरावांनी वर्ध्याच्या पुढे केळझरला नेलं. गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, वरून छान दिसतं, अवश्य जा. मी मात्र तिथेही वाद घालत होतो. रेखा खरं बोलली, म्हणून तिलाच पाणी भरावं लागलं. बाकीच्या बायका सुटल्या. प्रकाशराव ऐकून घेत होते. ते म्हणाले, "माह्या मनात बी हेच येते. पन मंग काय कराव?"

मी पुण्यात परतल्यावर फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. सुमनबाईचं प्लास्टर निघालं, त्याच दिवशी रेखाचं पाणी भरणं थांबलं. दोघी अजून बोलत नाहीत. सुमनबाईने पुन्हा दारू गाळायला घेतली. मग बचत गटाच्या तक्रारीवरून पोलिसांची धाड आली, पण घरात काहीच सापडलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी कोणीतरी तिला निरोप दिला होता. तो रेखाने दिला होता.

मी चक्रावलो. माठ फोडणारी तीच ना? प्रकाशरावांनी तिला तेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तिचा हात आत्ताच त जुळला, सर. पोलिसाइनं वढत नेलं असतं त?"

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "मग मिटलं का त्या दोघींचं?"

मी तिला म्हणालो, मला खरंच माहीत नाही.