नादा माव

"शी इज नॉट बॅड," आंटी फोनवर म्हणाल्या. मी दाराशी चपला काढत होते. एक पायातच राहिली.

फोन बेलापूरच्या एका निर्यात कंपनीचा होता. लिस्बनहून येणारी पत्रं वाचायला त्यांना माणूस हवं होतं, आणि आंटींच्या नेरूळच्या फ्लॅटवर पोर्तुगीज शिकायला येऊन वर्षभर टिकलेली मी एकटीच विद्यार्थिनी. आंटी मूळच्या मडगावच्या, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या.

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये 'नॉट बॅड' हा शेरा लाल शाईत यायचा आणि त्याचा अर्थ 'नापास नाही, एवढंच' असा असायचा. नोकरी गेली असं धरूनच मी वही उघडली. विचारायची हिंमत झाली नाही.

धड्यानंतर आंटींनी जेवायला बसवलं. बांगड्याचं कालवण त्यांनी चाखलं, डोळे मिटले, पुन्हा वाढून घेतलं.

"नादा माव," त्या म्हणाल्या. म्हणजे, काही वाईट नाही.

"एवढंच, आंटी?"

"मग काय, बँडवाले बोलावू?"

मला आठवलं, जिन्यावरून पडून त्यांचा हात मोडला तेव्हाही त्या "उं बुकादीन्यु", म्हणजे इवलंसंच दुखतंय, म्हणाल्या होत्या. प्लास्टर दीड महिना होतं. आमचे बाबा तरी काय वेगळे? प्रमोशन मिळालं त्या दिवशी शेजाऱ्यांनी "काय, कसं काय?" विचारलं, तर म्हणाले, "चाललंय." आत आई पेढ्यांचा बॉक्स उघडत होती.

म्हणजे फोनवरचं ते 'नॉट बॅड' कालवणातलं होतं, शाळेच्या वहीतलं नव्हतं! मी आणखी एक बांगडा घेतला.

पण बेलापूरच्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी ते कालवण कुठे खाल्लं होतं?

"तुमच्या टीचर म्हणतात, नॉट बॅड," ते पेन टेबलावर आपटत म्हणाले. "अहो मॅडम, आम्हाला कामचलाऊ नकोय. येतं की नाही, तेवढं सांगा."

'थोडंफार' हा माझा नेहमीचा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"सर, आंटी इंग्रजी बोलतात, पण मोजमाप पोर्तुगीज असतं. त्यांचं 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम." कान तापले होते, तरी आवाज फुटलाच होता, म्हणून बोलूनच टाकलं, "मला पोर्तुगीज चांगलं येतं."