मेलेल्या बहिणीचा दाखला

आमच्या आरोग्य कार्यालयात दोन टेबलं. एकावर मी लस टोचते, दुसऱ्यावर तफीदा अब्ला जन्म-मृत्यू लिहायची. अब्ला म्हणजे ताई. तिच्याहून म्हातारी माणसंही तिला तेच म्हणत. नाईलकाठच्या पाच खेड्यांतली बाळं तिनं तेहतीस वर्षं कागदावर आणली आणि तिचा स्वतःचा कागद मात्र तिचा नव्हता. आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तिच्या आईबापांना पहिली मुलगी झाली, तिचं नाव तफीदा. बाप गाढवावर बसून तालुक्याला गेला आणि दिवस मोडून दाखला घेऊन आला. दोन वर्षांनी ती पोर गोवरानं गेली. पुरलं, रडले, मृत्यू कुणी नोंदवला नाही. त्याच उन्हाळ्यात ही जन्मली. बाप म्हणाला, "कागद आहे, नाव आहे, पोरगी आहे. आता गाढवाला कशाला त्रास?" आमच्याकडे तेव्हा हे असंच चालायचं. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. उलट गेलेलं पोर परत आलं म्हणून आया शेजारी सरबत वाटायच्या.

म्हणून अब्ला चौथ्या वर्षी शाळेत बसली. बाकावरून पाय जमिनीला टेकत नव्हते. लग्न झालं तेव्हा कागदावर अठरा होती, खरी सोळा. हे सगळं तिनं गिळलं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पत्र आलं, की तुम्हाला साठ पूर्ण होतायत, घरी बसा. तेव्हा मात्र बाई उसळली.

"लहानपणाची दोन वर्षं खाल्ली ती खाल्ली," मला म्हणाली. "नोकरीची नाही देणार, रावया. बघच तू."

वकिलानं तिला नीट समजावलं. "आधी थोरलीचा मृत्यू नोंदवा."

"नोंदवते."

"नोंदवलात की तुमचा ओळखपत्राचा नंबर बंद. लग्न, पोरं, नोकरी, सगळं त्याच नंबरावर आहे. सरकारच्या लेखी तुम्ही मेलात."

"आणि माझा जन्म?"

"त्याला पुरावा लागतो. सुईण आहे का?"

सुईण केव्हाच मातीत गेली होती.

तेवढ्यात कळलं, नोंदणीचा कायदा सुधारायचं चाललंय आणि कैरोहून एक मोठे साहेब सूचना ऐकायला येणार आहेत. अब्लानं आठ दिवस बसून एक वाक्य लिहिलं: जे मेलेल्या भावंडाच्या कागदावर जगतायत, त्यांना स्वतःच्या तारखेनं नोंद करायची वाट द्या. बस, एवढंच. सकाळी आठला आम्ही जाऊन बसलो, दुपारी तीनला नंबर लागला. पंख्याखाली साहेब चहा पीत होते.

"अशी किती माणसं आहेत, बाई?"

"आमच्या एका गावात चाळीस तरी असतील."

"त्यांची कुठे नोंद?"

"नोंद असती तर मी इथं झक मारायला आले असते का, साहेब?"

सभागृह हसलं. साहेबही हसले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' मसुदा निघाला, त्यात अर्ज ऑनलाइन झाले, शिक्के बदलले. अब्लाचं वाक्य कुठेच नव्हतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं तर थांबायलाही जागा ठेवली नाही.

तिच्या नोकरीचे चार दिवस उरले होते तेव्हा अश्री नावाचा रिक्षावाला माझ्या टेबलाशी आला. मागे बाकावर बायको, तिच्या मांडीवर बाळ. नाळ नुकतीच पडलेली. त्यानं दिलेला दाखला मात्र दीड वर्षाचा.

"हे पोर दीड वर्षाचं?" मी विचारलं.

"खात नाही काही. म्हणून बारीक आहे."

अब्लानं लेखणी खाली ठेवली. "पहिली कधी गेली रे?"

अश्री गडबडला. "गेल्या हिवाळ्यात. ताप आला. पण अब्ला, नाव तेच ठेवलंय, कागद कोरा करकरीत आहे. आता उशिरा मृत्यू सांगितला तर चौकशी मागे लागेल."

"लागू दे. हिचा जन्म नोंदवायच्या मुदतीचे अजून चार दिवस आहेत. दोन्ही अर्ज आत्ता भर."

"एका पोरीसाठी दोन-दोन कागद? तुम्हाला काय कळायचं आमच्यामागचे ताप!"

अब्लानं पर्समधून आपलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्यापुढे आपटलं. "वाच. ही माझी थोरली बहीण. दोन वर्षांची असताना मेली. चार दिवसांनी सरकार तिला निवृत्त करतंय."

"मग तुम्ही?"

"माझी नोंदच नाही. तुझ्या पोरीचं असंच करायचंय तुला?"

अश्रीनं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या बायकोनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. ती बाळाला घेऊन उठली आणि थेट अब्लाच्या टेबलाशी आली.

"लिहा, अब्ला. थोरली गेली म्हणून लिहा. घरात मला तिच्यासाठी रडू देत नाहीत. म्हणतात, रडतेस कशाला, ती बघ, तुझ्या मांडीवर आहे! थोरली गेली तो बुधवार होता."

अब्लानं मृत्यूचा अर्ज पुढे ओढला.

"किती वाजता?" तिनं विचारलं.